पडद्यामागचं सितारनगर

३ जानेवारी १९५७

भोंगेवाला आला होता! शेलूबाजारच्या रस्त्यानं बैलगाडी, गाडीला दोन्ही बाजूंनी रंगीत कागद चिकटवलेले, अन् आत बसलेला माणूस पत्र्याच्या भोंग्यातून ओरडतोय — संक्रांतीनंतर तंबू येणार, आधी देवादिकांचा खेळ, मग 'फिर सितारनगर'!

मी मेथी उपटत होते. मेथी हातातच राहिली. फिर सितारनगर! पाच वर्षांनी! वाफे तुडवत बांधापर्यंत पळाले, तर गाडी पुढं गेलेली. कागदावर राणीची ओढणी तेवढी दिसली.

घरी आले तर दुसरी बातमी. बाबा हातपाय धूत होते अन् मायला सांगत होते, "धनजचे लोक वीस तारखेले येऊन राह्यले. पोट्टी पाहाले. मळेवालेच हायेत, आपल्यासारखे."

 मायनं माझ्या हाताकडे पाहिलं. डाव्या.

हे मी डाव्या हातानंच लिहिते आहे. गोठ्याच्या माळ्यावर, कडब्याच्या आड, शाळेच्या जुन्या वहीत. खाली उतरले की मी उजवी.

५ जानेवारी

आज मायऐवजी मी वाढलं, उजव्या हातानं. ओटा ओला, बाबांचं धोतर ओलं, वरण चुलीत.

७ जानेवारी

गिरजाकाकूला सिनेमाचं सांगितलं तर हसत सुटली. ही माझ्या काकाची बायको, आमच्याच आवारात राहते, अन् सिनेमातलं सगळं आपल्यालाच कळतं असा तिचा थाट. "तो रद्दी सिनेमा? अवं, पयला आनाले पाह्यजे व्हता! दुसऱ्यात काय हाय? राणीच बदलली!"

बदलली. मान्य! पहिल्या 'सितारनगर'मधली राणी गोल तोंडाची, दुसऱ्यातली लांब तोंडाची. राजाचं पोट सुटलेलं. पहिल्यात कड्यावरून पडून मेलेला सेनापती दुसऱ्यात परत येतो, नुसती मिशी लावून! घोडा तर चक्क लंगडा. झुल्याच्या गाण्यात राणीचं तोंड मिटतं तरी गाणं चालूच. मला सगळ्या चुका पाठ आहेत. चार वेळा पाहिलाय मी तो, मायसोबत.

अन् तरी माझा जीव त्याच्यावरच. पहिला सिनेमा सगळ्या गावाचा. दुसरा माझा एकटीचा.

कारण दुसऱ्यातली राणी डावरी आहे. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तलवार डाव्या हातानं उपसते. सतार डाव्या हातानं छेडते. अन् तीच काय, अख्खं गाव! राजा डाव्या हातानं जेवतो, पुजारी डाव्या हातानं आरती ओवाळतो, शिपाई डाव्या हातानं सलाम ठोकतात. पहिल्या भागात तसं नव्हतं. तेव्हा मी तेरा वर्षांची होते, मीच माझं ठरवून टाकलं — नव्या राणीचं राज्य आलं अन् तिनं हुकूम काढला, आता सितारनगरात सगळे डाव्या हातानं. कोणी कोणाच्या हातावर फटका मारायचा नाही.

राणी परत येते तेव्हा दरबारात कोणी तिला ओळखत नाही. (कसं ओळखतील? तोंडच दुसरं!) मग ती सतार मागते. वाजवायला लागते, अन् एक म्हातारा दरवान पुढं येऊन म्हणतो, हा हात मी ओळखतो. दर वेळी मला तिथं रडू यायचं. चौथ्या वेळीसुद्धा.

पहिल्या सिनेमाला आम्ही काकूसोबत समोर, बायांच्या कनातीत बसलो होतो. दुसऱ्याला माय मला पडद्याच्या मागच्या बाजूला न्यायची. तिथं घोंगड्या टाकलेल्या असायच्या, उशिरा येणारे लोक बसायचे. "समोर गर्दी हाय, जीव गुदमरते," म्हणायची. मागून सगळं दिसायचं. नावं काय ती इंग्रजीत, मला समोरूनही वाचता आली नसती. माय तोंडाला पदर लावून अख्खा सिनेमा बघायची. तिथं एकदाही "हात आत घे" म्हणाली नाही. घरी येताना वाटेत मात्र म्हणायची.

९ जानेवारी

बाबा मळ्यात गेल्यावर मायनं आज माझा डावा हात चिंधीनं कमरेला बांधला. लहानपणी बांधायची तसा! मी अठरा वर्षांची घोडी!

"इंझोरीच्या बेबीबाईची सोयरीक काहून मोडली, मालूम हाय ना तुले? पाहुण्याइले डाव्या हातानं पानी देल्लं म्हून. कुंकू लागलेली पोट्टी घरी बसली."

"माय, दुखते वं."

"मले नाई दुखत काय?"

तिला काय दुखायचंय! तिचा हात कधी कोणी बांधला? इतका राग आला की जेवले नाही. अन् जेवणार तरी कशी, उजव्यानं अर्धा घास खाली सांडतो. बांधलेला हात कमरेशी ठणकत होता. माय समोर बसून वांगी चिरत होती, तिच्या नेहमीच्या सावकाश हातानं, एकेक फोड जपून. मी पाहुण्यांच्या पोह्यांपासून ते लग्नाच्या मांडवापर्यंत सगळं डोळ्यांसमोर आणलं. प्रत्येक ठिकाणी माझा हात चुकून पुढं येतो अन् पाहुणे उठून जातात.

१४ जानेवारी

संक्रांत. सगळ्यांना उजव्या हातानं तिळगूळ दिला. डावा पदराखाली घामेजून गेला होता.

१६ जानेवारी

मेले! मेले मी!

आज बाजार. बाबा अन् मी मेथी अन् सांभार (पुस्तकात कोथिंबीर म्हणतात तो) घेऊन बसलो होतो. जुड्या मीच बांधते, काकू मदत करते. मायच्या जुड्या वेशीपर्यंतही टिकत नाहीत, सुटतात, म्हणून तिला कोणी बांधायला सांगतच नाही. केळीच्या सोपटाचा, वाळल्या सालीचा, वेढा घ्यायचा अन् पीळ मारून खोचायचा. पहाटे घाईत, गोठ्याशी कोणी नसताना, मी डाव्या हातानं बांधते. उजव्यानं बांधत बसले तर बाजार उठून जाईल.

एक बाई आली. उंच, हिरवं लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू. सांभाराची जुडी उचलली. वास घेतला नाही, मुळं पाहिली नाहीत. गाठ पाहिली! बोटानं पीळ चाचपला. ओढून पाहिला, जोरात. म्हणाली, "हा पीळ उलटा हाय. कोनं बांधली?"

बाबा दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होते. मी म्हटलं, "घरच्यांनी." तिनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं, जुडी पिशवीत टाकली अन् गेली.

घरी येताना बाबा खुशीत. "पाह्यलं का तिले? तेच मनकर्णाबाई. धनजची. पोराची माय!"

मळेवाली बाई. रोज शंभर जुड्या बांधणारी. तिला उलटा पीळ कळणार नाही तर कोणाला कळेल?

१७ जानेवारी

मायला सांगितलं. ती म्हणाली, "बरं." एवढंच! बरं! काल रात्रभर डोळ्याला डोळा नाही अन् ही म्हणते बरं.

१८ जानेवारी

तंबू लागला. बाजाराच्या मैदानात पांढरा, लांबलचक. मी पाहायलाही गेले नाही. नाव लिहायचा सराव करतेय. उजव्या हातानं. विजयमाला, विजयमाला, विजयमाला. मुंगी शाईत पडून कागदावर चालत गेल्यासारखं दिसतं.

२० जानेवारी

झालं एकदाचं.

तिघं आले. नानाजी म्हणजे पोराचा बाप, मनकर्णाबाई, अन् तो. चंपत नाव. त्यानं मान वर केली नाही, मीही केली नाही, म्हणजे आम्ही एकमेकांचे पाय पाहिले. त्याच्या टाचेला मळ्यातली माती होती. बरं वाटलं का कोण जाणे.

पाणी दिलं — उजव्यानं. पोहे दिले — उजव्यानं. नानाजी म्हणाले, "नाव लिवून दाखव, बाई." लिहिलं. 'माला'तला 'ला' खाली घसरला. नानाजी म्हणाले, "झ्याक!" ते चष्मा घरी विसरून आले होते.

मी वाकले की मनकर्णाबाईची नजर माझ्या हातावर, सरळ झाले की हातावर. मला वाटलं आता म्हणेल, आता म्हणेल. शेवटी नानाजीच म्हणाले, "आमाले पोट्टी पसंत हाय. एकोणतीसले कुंकू लावू." माय ओट्याला टेकून बसली.

अन् उठता उठता मनकर्णाबाईनं कोपऱ्यातल्या टोपलीत हात घातला. सांभाराची जुडी! "ह्या जुड्या कोन बांधते तुमच्यात?"



"म्या," माय म्हणाली. पटकन!

"बरं. मंग कुंकवाच्या दिवशी बांधून दाखवा मले."

म्हणाली अन् गेली. बाबा हसत होते, त्यांना वाटलं थट्टा चालली आहे. काकूनं कपाळाला हात लावला, मायला म्हणाली, "अवं आवडाबाई, तुमची जुडी तं टोपलीतच सुटते!"

२१ जानेवारी

मायला म्हटलं, मी शिकवते, सराव कर. "नको." म्हटलं, मग त्यांना सांगून टाकू. "तोंड बंद ठेव." म्हटलं, तुझी जुडी सुटली तर? सगळ्यांदेखत खोटी पडशील तू! म्हणाली, "तू कायले चिंता करतं? जाय, मेथीले पानी दे."

मी ठरवलंय. मीच सांगणार. कुंकू लावायच्या आधी. राणीनं भर दरबारात सतार मागितली होती ना? तशीच मीही म्हणेन, जुडी माझी आहे, हात माझा आहे, पटत असेल तर लावा कुंकू. एवढं बोलायची छाती होण्यासाठी एकदा तो सिनेमा पाहायला हवा. चोवीसपासून लागतो आहे. एकदाच पाहीन.

२२ जानेवारी

अन् त्यांनी खरंच म्हटलं, नाही पटत — तर? बेबीबाई अजून घरीच आहे. तीन वर्षं झाली. गेल्या बाजारात दिसली होती, माझ्याशी बोललीच नाही.

२७ जानेवारी

काल संध्याकाळच्या खेळाला गेलो होतो. काकू अन् मी. माय आली नाही, डोकं दुखतं म्हणाली. काकूनं मला हाताला धरून समोर कनातीत नेलं. "सोयरीक झालेली पोट्टी मांगं घोंगडीवर बसते काय?"

सुरू झाला. तीच लांब तोंडाची राणी, तेच राजाचं पोट. मला इतका आनंद झाला, जसं माहेरचं माणूस भेटावं! अन् मग घोडा आला. लंगडतच आला, पण उलट्या बाजूनं. नेहमी माझ्या उजव्या अंगानं यायचा, आज डाव्या अंगानं. मग राणीनं तलवार उपसली.

उजव्या हातानं.

मी ओरडलेच, "काकू, फिल्लम उलटी लावली त्यानं! सांगा त्याले!" चार बाया वळून बघायला लागल्या. काकू हसून हसून लोळायची बाकी. "उलटी नाई वं येडे! तू मांगून पाह्यला व्हता ना? मांगून सारंच उलटं दिसते. आरशात दिसते तसं!"

राजा उजव्या हातानं जेवला. पुजाऱ्यानं उजव्या हातानं ओवाळलं. सतार उजव्या हातानं. म्हातारा दरवान म्हणाला, हा हात मी ओळखतो, अन् मला वाटलं, मी नाही ओळखत बाबा.

पाच वर्षं! पाच वर्षं मी रोज झोपताना त्या गावात जात होते. फटका बसला की म्हणत होते, असू दे, सितारनगरात असं नसतं. तिथंही असंच होतं! किती मूर्ख असावं माणसानं? सातवी पास झालेली मुलगी मी, आरशासारखी साधी गोष्ट कळू नये?

झुल्याचं गाणं लागलं. तोंड मिटलं, गाणं चालूच. सगळ्या बाया हसल्या. मी रडले. तेवढं एक पहिल्यासारखं राहिलं होतं.

२७ जानेवारी, दुपारी

पुन्हा वर आले आहे, कारण खाली राहवेना.

मायला विचारलं, "तू मले मांगं काहून बसवत व्हती?"

"समोर गर्दी राहे."

काकू शेंगा फोडत होती, ती मध्येच बोलली. "कायची गर्दी, आवडाबाई? दुसऱ्या दिवसापासून कुत्रं नव्हतं त्या सिनेम्याले! मी एकटीच बसून राहो कनातीत. तुमाले कितीक हाका मारल्या!"

मायनं सूप उचललं अन् आत गेली. मी पाठोपाठ. "सांग ना, काहून?" तर माझ्यावरच खेकसली, "कुंकू दोन दिवसावर आलं, अन् तुले सिनेमा सुचते!"

ती खोटं बोलली माझ्याशी. मला समजत नाही. मला डावरी राणी दाखवायची अन् घरी आणून हात बांधायचा? ही काय थट्टा?

२८ जानेवारी

बोलायची छाती होती ती गेली. कोणाच्या बळावर बोलू? राणीच उजवी निघाली.

आता सगळं मायच्या जुडीवर. पाहुण्यांसाठी सांभार उपटून ठेवला आहे. माय त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. मी आज चोरून तिनं घरच्यासाठी बांधलेली एक जुडी उलगडून पाहिली, उलगडायचं काय, धरली तर सुटलीच. मनकर्णाबाई ती हातात घेईल, एकदा ओढेल, अन् म्हणेल, ही ती नव्हे. मग सगळे माझ्याकडे बघतील. बाबांची मान खाली जाईल. काकूला माझा हात माहीत आहे, बाबांना तर अजून माहीतही नाही. मायनं त्यांच्यापासूनही लपवलंय.



२९ जानेवारी, सकाळी

हिरवं लुगडं नेसले आहे. उजव्या हातात पाच बांगड्या जास्त भरल्यात, कोणाची नजर गेली तर तिकडे जावी म्हणून. काकूची युक्ती. गाडी वेशीत आली असं पोरं ओरडताहेत. उतरते.

२९ जानेवारी, दिवेलागणीला

मनकर्णाबाईनं सगळ्यांदेखत सांभाराचा ढीग मायपुढं सरकवला. "बांधा."

मायनं उजवा हात पुढं केला. मागं घेतला. मग डाव्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सारल्या अन् सोपट उचललं. वेढा, दुसरा वेढा, पीळ — उलटा, माझाच पीळ! पापणी लवायच्या आत जुडी तयार. काकू बघतच राहिली. बाबा वीस वर्षांच्या संसारात तिचा तो हात पहिल्यांदा बघत होते.

"मी बी डावरीच हाय," माय म्हणाली. "माह्या मायनं पळीचे चटके देल्ले, तवापासून सोडलं." अन् ढीग माझ्याकडे ढकलला. "बांध वं विजे. तुह्या हातानं."

मी बांधली.

मनकर्णाबाईनं दोन्ही जुड्या ओढून पाहिल्या. "आमच्या जुड्या कारंज्याच्या बाजाराले पोचेपर्यंत सुटतात," ती म्हणाली. "तुह्यी बाजारातून नेलेली चार दिवस तशीच व्हती." अन् माझ्या कपाळाला कुंकू लावलं.

उद्या सिनेमाचा शेवटचा खेळ. मायला विचारलं, येतेस का? ती म्हणाली, "येतो. पन मांगूनच पाहू."